लाल आणि पिवळा, दोन्ही एकदम : नाशिकमधल्या एका हृदयपंपाच्या रुग्णाचं प्रकरण

हृदयपंप म्हणजे कमकुवत हृदयाचं रक्त पुढे ढकलणारं, छातीत बसवलेलं यंत्र. कमरेला लावलेल्या त्याच्या कंट्रोलरवर लाल दिवा लागला की घरातल्या माणसांचं पहिलं लक्ष यंत्राकडे जातं. केबल हलवून बघितली जाते, बॅटरी बदलली जाते, काही जण थेट राखीव कंट्रोलर बाहेर काढतात. वीज तुटण्याच्या अलार्ममध्ये केबल आणि बॅटरी बघणं बरोबर आहे. प्रवाह कमी झाल्याच्या, म्हणजे ‘लो फ्लो’च्या अलार्ममध्ये मात्र यंत्र बहुतेक वेळा धडधाकट असतं आणि बिघाड शरीरात असतो. या प्रकरणात दोन्ही अलार्म एकाच संध्याकाळी एकावर एक आले, त्यांची कारणं वेगळी होती, आणि घरच्यांनी ती एकच धरली. ओळख पटू नये म्हणून वय, वेळा आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण साठीच्या आसपासचे, सिडकोत राहणारे, अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मोठ्या हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याची ताकद गेली, औषधांवर भागेना, म्हणून मुंबईच्या एका केंद्रात त्यांना हार्टमेट ३ हा पंप बसवला. प्रकरण घडलं तेव्हा शस्त्रक्रियेला अकरा महिने झाले होते. छातीत आधीपासून आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर झटका देणारं यंत्र, होतं. पत्नी आणि मुलगा या दोघांनी केंद्रात रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. नाशिकमध्ये इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि आयसीयूची सोय असलेल्या एका खासगी रुग्णालयाला केंद्राने रुग्णाची माहिती आधी कळवून ठेवली होती.

पंप डाव्या कप्प्याच्या टोकाशी बसतो, तिथून रक्त ओढतो आणि एका कृत्रिम नळीतून महाधमनीत सोडतो. आतलं चक्र चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतं. पंपाची केबल, म्हणजे ड्राइव्हलाइन, पोटाच्या कातडीतून बाहेर येऊन कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते. कंट्रोलरला वीज देणाऱ्या दोन केबल असतात, एक पांढरी आणि एक काळी. दिवसा त्या १४ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांना लावतात, झोपताना भिंतीच्या सॉकेटवर चालणाऱ्या मोबाइल पॉवर युनिटला. भरलेली जोडी साधारण १० ते १२ तास चालते. शिवाय कंट्रोलरच्या आत ११ व्होल्टची राखीव बॅटरी असते. बाहेरची वीज पूर्ण तुटली तर ती किमान १५ मिनिटं पंप चालवते. ती सोय वीज पुन्हा जोडेपर्यंतचा वेळ मिळावा एवढ्यासाठीच आहे.

पॉवर युनिटबद्दल उत्पादकाची एक सूचना आपल्याकडे पाळणं अवघड जातं: ते भिंतीवरच्या बटणाने बंद होणाऱ्या सॉकेटला लावू नये. आपल्या घरांत प्रत्येक सॉकेटला बटण असतं. या घरी बटण ‘चालू’वर ठेवून त्यावर प्लॅस्टिकची पट्टी स्क्रूने बसवली होती, आणि कामवाल्या मावशींनाही ते दाखवून ठेवलं होतं. पॉवर युनिट घरच्या इन्व्हर्टरवर लावायचं नाही, लाईट गेली की बॅटरीवर जायचं, असं केंद्राने ठरवून दिलं होतं. नाशिकच्या मे महिन्यात हा प्रसंग वारंवार येतो.

कंट्रोलरच्या पडद्यावर चार आकडे दिसतात: वेग, प्रवाह, पल्सॅटिलिटी इंडेक्स (पीआय, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमुळे पंपाच्या प्रवाहात पडणारा चढउतार) आणि पंप खात असलेली वीज. ते रोज सकाळी वजनासह वहीत लिहायचे. या रुग्णाचे नेहमीचे आकडे असे होते: वेग ५,४०० आरपीएम, प्रवाह ४.३ ते ४.५ लिटर प्रतिमिनिट, पीआय ३.५ च्या आसपास, वीज ४ वॉट. वेग ठरवून दिलेला असतो, तो घरी बदलत नाही. प्रवाह प्रत्यक्ष मोजलेला नसतो. वेग, वीज आणि डॉक्टरांनी यंत्रात भरलेला हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) यांवरून कंट्रोलर तो हिशेबाने काढतो. २.५ लिटरच्या खाली गेला की लाल हृदयाचं चिन्ह लागतं आणि आवाज अखंड वाजू लागतो.

समस्या

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रुग्ण एका लग्नाच्या पंगतीला जेवले. दुसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू झाले, दिवसाला चार-पाच वेळा. भूक गेली. लघवी होण्यासाठीची टॉर्सेमाइडची २० मिलिग्रॅमची गोळी मात्र रोज नेमाने चालू होती. आणि पाणी दिवसाला दीड लिटरच. ही मर्यादा पंप बसण्याआधीची, हृदय फुगलं होतं तेव्हाची. शस्त्रक्रियेनंतर केंद्राने ती सैल केली होती, पण स्वयंपाकघरातली खुणेची बाटली कुणी बदलली नव्हती.

वहीत सगळं लिहिलेलं होतं. सोमवारी प्रवाह ४.४, वजन ६४.८ किलो. मंगळवारी ४.०. बुधवारी ३.४. गुरुवारी सकाळी ३.० आणि वजन ६२.४. तीन दिवसांत प्रवाह जवळजवळ एक तृतीयांश कमी आणि वजन सव्वादोन किलोहून जास्त उतरलेलं. आकडे लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात एकच रेषा होती, २.५ ची. तिच्यावर आहे ना, मग ठीक.

गुरुवारी दुपारी पावणेतीनला लाईट गेली. रुग्ण पॉवर युनिटवर पडून होते, त्यामुळे अलार्म वाजला. पत्नीने शिकवल्याप्रमाणे एका वेळी एकच केबल काढून बॅटरीवर घेतली. दोन्ही केबल एकदम काढायच्या नाहीत, हा नियम त्यांना पाठ होता. पण काळी केबल क्लिपला जोडताना आतली अर्धवर्तुळं नीट जुळली नाहीत. नट आट्यात न बसता वरच्यावर फिरला. रुग्ण संडासला उठले तशी ती सुटली आणि पिवळा अलार्म आला.

पत्नीने आवाज बंद करण्याचं बटण दाबलं. पिवळ्या अलार्मांपैकी काहींचा आवाज त्या बटणाने चार तासांपर्यंत बंद राहतो, लाल अलार्मचा फक्त दोन मिनिटं. दिवा चालूच राहतो, पण कंट्रोलर शर्टाखाली होता. घर शांत झालं म्हणजे काम झालं, असा समज झाला. पंप त्यापुढे पांढऱ्या केबलच्या एकट्या बॅटरीवर चालला, आणि ती बॅटरीही सकाळभर वापरलेलीच होती.

साडेसहाच्या सुमारास लाल हृदय लागलं. पडद्यावर ‘लो फ्लो’ आणि ‘कॉल हॉस्पिटल कॉन्टॅक्ट’ आळीपाळीने येत होतं. रुग्ण शुद्धीत होते, बोलत होते, पण उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि जीभ कोरडी पडली होती. मुलाने शर्ट वर केला तेव्हा सुटलेली काळी केबल दिसली आणि पांढरीवरच्या बॅटरीचा एकच हिरवा दिवा उरलेला दिसला. त्याचा निष्कर्ष झटक्यात निघाला: वीज कमी पडतेय, म्हणून पंप मंदावलाय. केबल आपोआप सुटली म्हणजे कंट्रोलरच खराब असणार. त्याने राखीव कंट्रोलरची पिशवी उघडली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुलाच्या मनातला: कंट्रोलर बदलणं. त्यासाठी चालू कंट्रोलरमधून ड्राइव्हलाइन काढावी लागते, आणि तेवढा वेळ पंप थांबतो. सराईत हाताला काही सेकंद, घाबरलेल्या हाताला मिनिटभर किंवा जास्त. या रुग्णाचं स्वतःचं हृदय आणि आधीच घसरलेला रक्तदाब पाहता ते मिनिट बेशुद्धीचं ठरू शकलं असतं. कंट्रोलर बदलायचा तो पडद्याने तसं सांगितलं आणि केंद्राने फोनवर होकार दिला तर. किंवा पंप चालू असल्याचं हिरवं चिन्ह विझलंय, ड्राइव्हलाइन आणि वीज दोन्ही तपासूनही पंप सुरू होत नाहीये, अशा वेळी शिकवलेल्या क्रमाने. लो फ्लो हे त्याचं कारण नाही.

दुसरा पर्याय: केबल नीट लावायची, आवाज बंद करायचा आणि रात्री वाट बघायची. तिसरा: थेट मुंबई गाठायची. चौथा: केंद्राला फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे नाशिकमध्येच उपचार सुरू करायचे. कागदावर चौथा उघडच बरोबर दिसतो. पण समोर अखंड वाजणारा अलार्म असताना फोन हातात घेणं म्हणजे वेळ घालवणं असं वाटतं. पत्नीने मुलाचा हात धरला आणि चोवीस तास चालू असलेल्या नंबरवर फोन लावला. पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

घरी केलेली कृती

समन्वयक परिचारिकेने काय झालं हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारल्या.

“काकू, पंप चालू असल्याचं हिरवं चिन्ह दिसतंय का?”

“हो सिस्टर, हिरवं आहे.”

“काका बोलतायत का? तुम्हाला ओळखतात?”

“बोलतायत. पाणी मागतायत.”

“आता पडद्यावर जे दिसतंय ते जसंच्या तसं वाचा. अर्थ नका सांगू, नुसतं वाचा.”

मग डिस्प्लेचं बटण एकेकदा दाबून चारही आकडे वाचून घेतले: वेग ५,४००, प्रवाह २.३, पीआय १.९, वीज ३.४ वॉट. वेग ठरल्याइतकाच होता, म्हणजे पंप मंदावलेला नव्हता. मुलाचा तर्क इथेच निकालात निघाला, पण परिचारिकेने तो वाद फोनवर घातला नाही. आधी वीज पक्की करायला सांगितलं. काळी केबल भरलेल्या बॅटरीच्या क्लिपला लावायची: अर्धवर्तुळासमोर अर्धवर्तुळ, आत ढकलायची, मग नट बोटांनी घट्ट, पक्कड लावायची नाही. हलकेच ओढून बघायची. पिवळं चिन्ह गेलं की मगच पांढरी काढून दुसऱ्या भरलेल्या बॅटरीवर. ड्राइव्हलाइनचं कंट्रोलरकडचं कुलूप बंद आहे ना, आणि मधल्या जोडावरची पिवळी रेघ दिसत नाही ना, तेही बघून घेतलं. रेघ दिसली तर जोड पूर्ण बसलेला नाही, असं समजायचं.

पिवळा गेला, लाल राहिला. दोन अलार्म एकत्र आले की वीज आधी सोडवायची, आणि ती सुटल्यावर काय उरतं ते पाहायचं. जे उरतं ते शरीराचं असण्याची शक्यता मोठी.

मग परिचारिकेने जुलाब, लघवी, गोळ्या, संडासचा रंग, ताप, छातीत दुखणं, आयसीडीचा झटका याबद्दल विचारलं. संडास काळी नव्हती. लघवी सकाळपासून एकदाच झाली होती, गडद. रुग्णाला आडवं करून पाय उशीवर घ्यायला सांगितलं, उलटी होत नसल्याने ओआरएस घोट घोट द्यायला सांगितलं, आणि रात्रीची लघवीची गोळी थांबवली. गाडी मुलाने चालवायची की १०८ बोलवायची, यावर १०८ चा निर्णय झाला. रस्त्यात रुग्ण बेशुद्ध झाला तर गाडी चालवणारा माणूस काहीच करू शकत नाही. सोबत राखीव कंट्रोलर, उरलेल्या बॅटऱ्या, चार्जर, पॉवर युनिट आणि केंद्राचं पत्र.

कॅज्युअल्टीत

अशा रुग्णाला पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरची इथे कसोटी लागते. पंप रक्त सतत पुढे ढकलतो, त्यामुळे नाडी बहुतेकदा हाताला लागत नाही. स्वयंचलित बीपी मशीनने दोनदा ‘एरर’ दाखवलं. बोटाच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८० आणि ९५ च्या मध्ये उड्या मारत होता. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या कर्मचाऱ्यांनी नाडी नसल्याचं कळवलं होतं, त्यामुळे ड्युटीवरचे डॉक्टर सीपीआरच्या तयारीत होते. स्ट्रेचरवरच्या माणसाने स्वतःचं नाव आणि वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस सांगितल्यावर ती तयारी थांबली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला तर हृदयाच्या ठोक्यांऐवजी सलग गुणगुण, आणि दर दोन सेकंदांनी तिच्यात एक हेलकावा. पंपात रक्त साचू नये म्हणून वेग ठरावीक अंतराने क्षणभर कमी-जास्त होतो, त्याचाच तो आवाज. ती गुणगुण ऐकू येते म्हणजे पंप फिरतोय.

बेशुद्ध रुग्णात पंप बंद असेल, किंवा पंप चालू असूनही रक्ताभिसरण पुरेसं नसेल, तर छाती दाबणं योग्य ठरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या निवेदनाची दिशा हीच आहे. नाडी लागत नाही, एवढंच कारण मात्र पुरत नाही.

रक्तदाब डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, घ्यायला हवा. हातात मावणारा डॉप्लर त्या वेळी कुलूपबंद ओपीडीत होता. रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी मशीनचा लिनिअर प्रोब कोपराच्या आतल्या बाजूला धमनीवर ठेवला, पल्स वेव्ह डॉप्लर चालू केला आणि साधा कफ हाताने फुगवला. आवाज बंद झाला. मग हवा हळूहळू सोडताना तो परत आला तो आकडा ६२ मिलिमीटर. या रुग्णाचा नेहमीचा ८० च्या आसपास असे. अशा रुग्णांत डॉप्लरचा हा आकडा सरासरी दाबाच्या जवळचा धरतात.

इथे दोन चुका टळल्या. हार्ट फेल्युअरचा जुना रुग्ण, थकलेला, कमी रक्तदाब, असं चित्र दिसताच फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनचं नाव तोंडात येतं. पाय सुजलेले नव्हते आणि छाती स्वच्छ होती, म्हणून ते दिलं नाही. दुसरं, दाब वाढवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू करायचं का, हा प्रश्न. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आधी इको बघा. रिकाम्या कप्प्यापुढे रक्तवाहिन्या आवळल्या तर पंपापुढचा अडथळा वाढतो आणि प्रवाह आणखी पडू शकतो.

लो फ्लोची कारणं वेगळी करायला चार गोष्टी पुरतात: डॉप्लरचा दाब, पीआय, ईसीजी आणि इको. दाब चढलेला आणि पीआय जास्त असेल तर पंपापुढचा अडथळा, बहुतेकदा नुसताच वाढलेला रक्तदाब. दाब पडलेला आणि पीआयही कमी, तर डाव्या कप्प्यापर्यंत रक्त पोचत नाही. त्याची कारणं तीन: शरीरात पाणी किंवा रक्त कमी, उजवा कप्पा थकलेला, किंवा हृदयाभोवती रक्त साचून दाब. ईसीजी यासाठी की या रुग्णांत वेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यांतून उठणारे धोकादायक वेगवान ठोके) चालू असतानाही माणूस शुद्धीत गप्पा मारत असू शकतो. आणखी एक कारण ध्यानात ठेवावं लागतं: पंपातून महाधमनीकडे जाणारी नळी अरुंद होणं. या पंपाबाबत २०१८ मध्ये नळी पिळवटण्याबद्दल आणि २०२४ मध्ये नळीभोवती बाहेरून पदार्थ साचून ती दाबली जाण्याबद्दल अधिकृत सुरक्षा सूचना निघाल्या आहेत.

ईसीजीत नवीन काही नव्हतं. इकोत डावा कप्पा लहान झालेला, मधला पडदा डावीकडे ओढला गेलेला, पंपाचं तोंड त्याच्या जवळ आलेलं. उजवा कप्पा फुगलेला नव्हता, हृदयाभोवती पाणी नव्हतं, खालची महाशीर श्वासाबरोबर मिटत होती. हिमोग्लोबिन १४.६, महिन्यापूर्वी १२.८ होतं. रक्तस्राव असता तर ते उतरायला हवं होतं, इथे रक्त दाट झालं होतं. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.८, पोटॅशियम ३.१, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचा आकडा) ३.९.

सलाईन २५० मिलिलिटर, वीस मिनिटांत, आणि लगेच पुन्हा चार आकडे व डॉप्लर. एकदम लिटरभर द्यायचं नाही, कारण उजवा कप्पा किती झेलेल याचा अंदाज आधी येत नाही. पहिल्या पिशवीनंतर प्रवाह २.६, लाल दिवा विझला. कॅज्युअल्टीत सुटकेचा निःश्वास पडला, आणि तिथेच थांबायचा मोह होता. पण २.६ हा या माणसाचा आकडा नव्हे. दुसऱ्या २५० नंतर ३.१, दाब ७०. तिसऱ्यानंतर ३.७, पीआय ३.०, दाब ७६. पुढे हळूहळू सलाईन, त्यात पोटॅशियम. वॉर्फरिनचा त्या रात्रीचा डोस थांबवला. वॉर्फरिनचा परिणाम उलटवणारं व्हिटॅमिन के दिलं नाही, कारण आयएनआर एकदम खाली आला तर पंपात गुठळी होण्याचा धोका. रक्त कुठून वाहत नसताना तो पत्करण्यात अर्थ नव्हता.

मुंबईला हलवायचं का?

रात्री साडेनऊला मुलाचा आग्रह होता की आत्ताच निघू. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पंपाचा वेग बदलायचा किंवा आतली नोंद वाचायची तर केंद्राचं मॉनिटर लागतं, आणि नाशिकच्या त्या रुग्णालयात ते नव्हतं. वेग थोडा कमी केला असता तर कप्प्याची ओढ लगेच सैल झाली असती. दुसऱ्या बाजूला रात्रीचा प्रवास, महामार्गावरची ट्रकची गर्दी, आणि दाब ६२ असलेला माणूस. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा जुना घाट टाळता येतो, पण मधल्या पट्ट्यात कुठे उतरून आयसीयू मिळेल असं नाही.

बॅटरीचा हिशेबही आडवा आला. भरलेली जोडी एकच, ती अंगावर. दुसऱ्या जोडीतली एक जवळजवळ संपलेली. चार्जरला एक बॅटरी भरायला चार तासांपर्यंत लागतात. लांबच्या प्रवासाला निघताना अंगावरच्या जोडीखेरीज निदान एक पूर्ण भरलेली जोडी हवी.

दोन्ही डॉक्टरांनी फोनवर अट ठरवली आणि ती केसपेपरवर लिहिली: ५०० मिलिलिटर देऊनही प्रवाह ३ च्या वर आला नाही, उजवा कप्पा फुगू लागला, हिमोग्लोबिन उतरलं, किंवा पाणी भरल्यावरही प्रवाह मागेच राहिला (म्हणजे नळीचा संशय), तर डॉक्टरसह अ‍ॅम्ब्युलन्समधून हलवायचं. नाहीतर सकाळपर्यंत इथेच. अट लिहिली गेल्याने मुलगाही शांत झाला. दरम्यान चारही बॅटऱ्या चार्जरला आळीपाळीने लावल्या आणि रुग्णाला आयसीयूतल्या जनरेटरवरच्या सॉकेटवर पॉवर युनिटला जोडलं.

परिणाम

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवाह ४.१, वजन ६३.९, लघवी मोकळी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले. क्रिएटिनिन १.२ वर आलं, आयएनआर २.७ वर आल्यावर वॉर्फरिन पुन्हा सुरू झालं. चौथ्या दिवशी घरी सोडलं आणि पुढच्या आठवड्यात ते मुंबईच्या केंद्रात जाऊन आले.

तिथे नोंद वाचल्यावर कळलं की लो फ्लो गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा आला नव्हता. बुधवारी पहाटे आणि गुरुवारी दुपारी तो काही सेकंदांसाठी येऊन आपोआप गेला होता. रुग्णाला आठवलं, पहाटे संडासला उठले तेव्हा काहीतरी वाजलं होतं, बसल्यावर बंद झालं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्याच दोन दिवसांत, कप्प्याची भिंत पंपाच्या तोंडाला चिकटण्याच्या बेतात आली की पंप आपोआप वेग खाली उतरवून हळूहळू चढवतो, अशा घटना नेहमीच्या कितीतरी पट नोंदल्या होत्या. शेवटचे सहा अलार्म कंट्रोलरच्या पडद्यावर घरीही बघता येतात. ते कसं बघायचं हे कुटुंबाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

टॉर्सेमाइड केंद्राने रोजच्याऐवजी वजन वाढलं तरच घ्यायला सांगितलं. काळी केबल आणि क्लिप तपासली, आटे शाबूत होते. कंट्रोलर तोच राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

मंगळवारीच फोन व्हायला हवा होता. वहीचा उपयोग अलार्मची रेषा ओलांडली का हे पाहण्यासाठी नाही, ते काम कंट्रोलर करतोच. वही उतार दाखवते. केंद्राने आता या कुटुंबाला तीन आकडे दिले आहेत: स्वतःच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा १ लिटर कमी, दोन दिवसांत वजनात २ किलोंचा फरक, किंवा दिवसात तीनहून जास्त पातळ संडास. यातलं काहीही झालं की त्याच दिवशी फोन. लघवीची गोळी घेण्याआधी फोन. उन्हाळाभर वहीच्या पानाचा फोटो रोज व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. आमच्या मते ही पद्धत सगळ्याच रुग्णांना मार्च ते जून लावावी. फोटो बघायला माणूस लागतो हे खरं, पण तो खर्च आयसीयूच्या एका रात्रीपेक्षा कमीच.

पाण्याची मर्यादा ही पंपाच्या रुग्णांत वारंवार दिसणारी जुनी सवय आहे. ‘पाणी जपून प्या’ हे वाक्य हृदयरुग्णाच्या घरात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. ते एका डिस्चार्ज कार्डाने पुसलं जात नाही. पंप ढकलेल ते रक्त आधी त्याच्यापर्यंत यायला हवं, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तोंडी समजावून सांगावं लागतं. या घरी खुणेची बाटली केंद्राच्या आहारतज्ज्ञांनी व्हिडिओ कॉलवर बघून काढायला लावली.

आवाज बंद करण्याचं बटण दाबायला हरकत नाही, कानठळ्या बसत असताना डोकं चालत नाही. पण दाबल्यावर कंट्रोलर हातात घेऊन दिवा विझलाय का ते बघायचं, आणि विझला नसेल तर कारण सापडेपर्यंत तो शर्टाखाली जाऊ द्यायचा नाही. कुटुंबाने फ्रीजवर एक चिठ्ठी लावली आहे, मुलाच्या अक्षरात:

हिरवं चिन्ह आहे का? बाबा बोलतायत का?
पिवळा: केबल, क्लिप, बॅटरी. एका वेळी एकच. दिवा गेल्याशिवाय हलायचं नाही.
लाल हृदय: आडवं करा, आकडे वाचा, फोन. कंट्रोलरला हात नाही.
हिरवं चिन्ह गेलं: ड्राइव्हलाइन, वीज, फोन स्पीकरवर, मग राखीव कंट्रोलर.

चौथ्या ओळीबद्दल केंद्रात थोडी चर्चा झाली. पंप काही मिनिटांहून जास्त वेळ बंद राहिला असेल तर आत गुठळी झालेली असू शकते, आणि तो परत सुरू होताना ती मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून फोन आधी, असा क्रम राहिला. फोन लागला नाही तर शिकवल्याप्रमाणे पुढे जायचं. राखीव कंट्रोलरमध्ये याच रुग्णाचा वेग भरलेला आहे ना, आणि त्याची आतली बॅटरी केंद्राने ठरवून दिलेल्या मुदतीत भरली जाते ना, हे दर भेटीत तपासायचं ठरलं. बदलण्याचा सराव केंद्रातल्या डमीवर होतो. घरी चालू पंपावर कधीच नाही.

रुग्णालयाच्या बाजूने उणीव पत्राची होती. पत्र आलं होतं, पण कार्डिओलॉजीच्या फाइलमध्ये होतं आणि रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्याची कल्पना नव्हती. आता एक पानी सूचना कॅज्युअल्टीच्या भिंतीवर आहे: नाडी लागणार नाही, छाती ऐका, डॉप्लरने दाब घ्या, शॉक द्यावा लागला तर ड्राइव्हलाइन न काढता देता येतो, एमआरआय नाही, केंद्राचा नंबर. हातातला डॉप्लर ओपीडीच्या कुलपातून कॅज्युअल्टीच्या खणात आला आहे, जेलच्या ट्यूबसकट.

राहिली लाईट. कुटुंबाने डॉक्टरांच्या पत्रासह महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज दिला आहे, ठरवून केल्या जाणाऱ्या वीजबंदची सूचना आदल्या दिवशी मिळावी म्हणून. अचानक जाणाऱ्या लाईटला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी दोन भरलेल्या बॅटऱ्या क्लिपमध्ये बसवून पलंगाशेजारी ठेवलेल्या असतात, आणि अर्धवर्तुळांवर नेलपॉलिशचा ठिपका दिलेला आहे, अंधारात टॉर्चच्या उजेडात पटकन जुळवता यावीत म्हणून.